टेट ब्रिटनमधलं टर्नरचं वादळ: इंजिनरूममधल्या माणसाचा अभिप्राय

मर्चंट नेव्हीत तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. मला चित्रातलं कळत नाही, वादळातलं थोडं कळतं. लंडनला मुलीकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, चला, तुमच्या कामाचं एक चित्र आहे." टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाच्या क्लोअर गॅलरीत इंग्रज चित्रकार टर्नरची चित्रं असतात. त्यातलं हे १८४२ सालचं 'स्नो स्टॉर्म'.

पूर्ण नाव म्हणजे लॉगबुकातली नोंदच. वाफेची बोट, बंदराच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, सिग्नल देत, शिशाचं वजन सोडून खोली मोजत चाललेली. पुढे पुरवणी: एरियल ही बोट हार्विच बंदरातून निघाली त्या रात्री चित्रकार या वादळात होता. पाणी किती वाव (खोली मोजायचं माप) उरलंय हे मोजत जायचं म्हणजे खाली इंजिनरूममध्ये टेलिग्राफची, म्हणजे वरून वेगाचे हुकूम देणाऱ्या यंत्राची, घंटा थांबत नाही. स्लो, स्टॉप, परत स्लो. घशाला कोरड पडते.

पहिल्यांदा काहीच दिसेना. राखाडी, पांढरं, तपकिरी, सगळं गरगरतंय. बायको सोबत होती, हिने विचारलं, "बोट कुठाय?" मग बाजूचं चाक सापडलं आणि पुढचं सगळं उलगडलं. त्या बोटींना दोन्ही बाजूंना चाकं असत. बोट कलली की एक चाक खोल बुडतं आणि दुसरं पाण्याबाहेर येऊन मोकळंच फिरतं. आमचा प्रोपेलर लाटेवर उघडा पडायचा तेव्हा इंजिन असंच सुसाट सुटायचं, अख्खी प्लेट थरथरायची. चित्रात क्षितिज जाग्यावर नाही ते त्यामुळेच. आणि तो काळा धूर! खाली कोणीतरी जीव तोडून कोळसा ओढतोय. चित्रात तो माणूस नाही, पण मला तोच दिसत राहिला.

चार तास डोलकाठीला बांधून घेऊन वादळ पाहिलं, असं टर्नर सांगायचा. तेव्हा तो सदुसष्टचा. अभ्यासकांना यावर शंका आहे, मलाही आहे. पण थापेबाज असला तरी समुद्र याने पाहिलाय. एका टीकाकाराने या चित्राला साबणाचा फेस आणि चुना म्हटलं होतं. फेस आहेच की, वादळात दुसरं काय असतं?

टर्नरचंच दुसरं चित्र, 'नॉरम कॅसल, सनराइज', माझ्यासाठी जरा जास्तच धूसर. निळा किल्ला, पाण्यात एक गाय, बाकी उजेड. हिला मात्र तेच आवडलं. ते पुरं झालेलंच नाही म्हणे, आणि लोकांसमोर आलं १९०६ मध्ये, टर्नर जाऊन ५५ वर्षं झाल्यावर.

जाणाऱ्यांसाठी: पिम्लिको स्टेशनवरून चालत जाता येतं. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. टर्नरच्या मागे राहिलेली सुमारे ३०० तैलचित्रं आणि कागदावरची तीस हजारांहून जास्त कामं देशाकडे आली. सगळी एकदम लावणं शक्यच नाही, म्हणून हवं ते चित्र सध्या भिंतीवर आहे का हे आधी वेबसाइटवर पाहा. टर्नरच्या चित्रातली पावसातून धावणारी आगगाडी इथे शोधू नका, ती ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत.

नंतर दुसऱ्याच एका दुकानातून या वादळाचं पोस्टर घेतलं. छपाईत राखाडी रंग पिवळा झाला आणि कडा कापल्यामुळे निम्मा धूर गेला. गुंडाळून कपाटावर ठेवलंय.