कॅनडाची पीआर फाइल पाठवल्यानंतर : एक्स्प्रेस एंट्रीच्या ऑनलाइन सेवेचे परीक्षण

कुशल उमेदवारांना कॅनडात पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, देणाऱ्या एक्स्प्रेस एंट्री या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल मराठीत जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक वेळा उमेदवारांची क्रमवारी लावणाऱ्या सीआरएसच्या गुणांपासून सुरू होते आणि आयटीए, म्हणजे अर्ज करण्याचे निमंत्रण, हाती पडल्यावर थांबते. निमंत्रण मिळाल्यापासून ६० दिवसांत कागदपत्रे जमवून अर्ज पाठवायचा असतो आणि त्या धावपळीत पुढचा विचार करायला कुणाला सवड नसते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या कामासाठी आपण प्रक्रिया शुल्क मोजतो ते काम अर्ज पाठवल्यानंतरच सुरू होते. म्हणून हे परीक्षण फक्त त्या नंतरच्या काळातील सेवेचे आहे : ऑनलाइन खाते, त्यातील स्टेटसचा तक्ता, अधूनमधून येणारी पत्रे, विभागाला काही कळवण्यासाठीचा वेबफॉर्म आणि शेवटी हाती पडणारे सीओपीआर, म्हणजे पीआर मंजूर झाल्याचे पत्र. माझे मत आधीच सांगून टाकतो. कागद स्वीकारण्यात आणि निकाल कळवण्यात ही सेवा चोख आहे. मात्र मधल्या काळात अधिकारी काय करत आहेत हे ती मोघम सांगते आणि अर्जदाराने स्वतः काय करत राहायला हवे हे तर जवळजवळ सांगतच नाही.

अर्ज पाठवताच खात्यात एओआर, म्हणजे अर्ज पोहोचल्याची पोच, येते आणि ‘ई’ या अक्षराने सुरू होणारा अर्ज क्रमांक मिळतो. एवढ्यावर पेढे वाटण्याची घाई करू नये. ही पोच यंत्राने दिलेली असते. अर्ज पूर्ण आहे की नाही, याची तपासणी इमिग्रेशन नियमावलीतील दहाव्या कलमानुसार नंतर होते. पोलिसांचा दाखला नसेल, बँकेचे पत्र अपुरे असेल किंवा अनुभवाच्या पत्रात कामाचे स्वरूप आणि आठवड्याचे तास लिहिलेले नसतील, तर अर्ज अपूर्ण ठरून शुल्कासह परत येऊ शकतो, आणि तसे झाले की निमंत्रणही हातचे जाते. एवढ्या महत्त्वाच्या पायरीसाठी स्टेटसच्या तक्त्यात स्वतंत्र ओळ असायला हवी होती, ती नाही. पुढची एखादी ओळ हलली की पहिली चाळणी पार पडली असावी, असा अंदाज अर्जदाराला बांधावा लागतो. मुलाबाळांच्या दृष्टीने मात्र पोचेची तारीख मोलाची असते, कारण पूर्ण अर्ज ज्या दिवशी पोहोचला त्या दिवशीचे अपत्याचे वय ग्राह्य धरले जाते. त्या दिवशी मूल २२ वर्षांच्या आत असेल, तर प्रक्रिया चालू असताना त्याचा वाढदिवस झाला म्हणून ते यादीतून गळत नाही. ते अविवाहित मात्र राहिले पाहिजे.

बायोमेट्रिक्सचा टप्पा सर्वांत सुटसुटीत आहे. खात्यात पत्र येते, त्यात ३० दिवसांची मुदत असते आणि भारतात व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात वेळ घेऊन जावे लागते. माणशी ८५ कॅनेडियन डॉलर आणि एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबासाठी जास्तीत जास्त १७० डॉलर असा दर आहे. १४ वर्षांखालील मुलांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत. केंद्रावर पासपोर्ट आणि ते पत्र एवढेच लागते. पत्राची छापील प्रत स्वच्छ असावी, कारण त्यावरचा बारकोड स्कॅन होतो. या टप्प्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि सरकारी सेवेच्या बाबतीत ही मोठीच पावती म्हणायला हवी.

मेडिकलचे गणित २१ ऑगस्ट २०२५ पासून बदलले आहे. पूर्वी अर्ज पाठवून सूचना येण्याची वाट पाहिली तरी चालत असे. आता एक्स्प्रेस एंट्रीच्या अर्जदाराने कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या पॅनेलवरील डॉक्टरकडे आधीच तपासणी करून त्याचा पुरावा अर्जासोबत जोडायचा असतो. त्यामुळे अर्जानंतरचा एक टप्पा कमी झाला. पण मेडिकलची वैधता साधारण १२ महिन्यांची असते आणि पीआर व्हिसाची मुदत या वैधतेपलीकडे किंवा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे तपासणी जितकी आधी, तितका शेवटी कॅनडात उतरण्यासाठीचा अवधी कमी. नोकरीचा तीन महिन्यांचा नोटीस पीरियड, घराचा भाडेकरार आणि मुलांची शाळा या सगळ्याचा हिशेब ज्याला करायचा आहे, त्याने ही तारीख डायरीत लिहून ठेवावी. खाते ती तुमच्यासाठी मोजत बसत नाही.

आता त्या तक्त्याकडे येऊ. लॉगिन केल्यावर दिसणारा तो तक्ता दिसायला साधा आहे : पात्रतेची तपासणी, वैद्यकीय निकाल, अतिरिक्त कागदपत्रे, मुलाखत, बायोमेट्रिक्स, पार्श्वभूमी तपासणी आणि अंतिम निर्णय. प्रत्येक ओळीखाली एखादे वाक्य असते. मुलाखतीच्या ओळीत सहसा ‘मुलाखत लागल्यास कळवू’ अशा अर्थाचे वाक्य शेवटपर्यंत तसेच राहते, आणि तेच बरे. अडचण आहे ती पार्श्वभूमी तपासणीच्या ओळीची. या एका ओळीखाली गुन्हेगारी नोंदी, सुरक्षा आणि आधीच्या इमिग्रेशन इतिहासाची पडताळणी असे बरेच काही येते. त्यातील काही काम विभागाचे स्वतःचे अधिकारी करतात, तर काही प्रकरणांत सीमा सेवा संस्था आणि गुप्तचर सेवा यांच्याकडे विचारणा जाते. तक्त्यात मात्र ‘काम चालू आहे’ एवढेच वाक्य दिसते. फाइल बाहेरच्या संस्थेकडे गेली आहे की अजून कुणी उघडलेलीच नाही, या दोन अगदी भिन्न अवस्था पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. सुरक्षेच्या तपशिलाची वाच्यता करता येत नाही, हे मान्य. पण ‘अधिकाऱ्याकडे सोपवली’ आणि ‘अजून सोपवायची आहे’ एवढा फरक दाखवल्याने कोणत्या देशाची सुरक्षा धोक्यात येईल, हे मला समजलेले नाही.

त्यातच घोस्ट अपडेट नावाचा प्रकार आहे. खात्यात बदल झाल्याचा ईमेल येतो, धडधडत्या छातीने लॉगिन करावे तर सगळे जिथल्या तिथे. मग मंडळी आपापले एओआर आणि तारखा एकमेकांशी ताडून पाहतात आणि त्यावरून भाकिते सुरू होतात. अशा ईमेलमागे अंतर्गत नोंदीतील एखादा बदल असू शकतो, किंवा काहीच नसते; त्यावरून शुभाशुभ ठरवू नये.

सहा महिन्यांच्या आश्वासनाबद्दलही नीट समजून घेतले पाहिजे, कारण सल्लागारांच्या जाहिरातींत ते हमीसारखे छापलेले असते. विभागाचे सेवा मानक असे आहे की एक्स्प्रेस एंट्रीतील ८० टक्के पूर्ण अर्जांचा निर्णय सहा महिन्यांत लागावा. हे आश्वासन अर्जांच्या एकूण गठ्ठ्याला दिलेले आहे, तुमच्या-माझ्या फाइलला नव्हे. दर पाच अर्जांतील एक अर्ज त्याहून जास्त काळ रेंगाळला तरी मानक पाळले गेले असेच म्हणता येते. जो अर्जदार दोन-तीन देशांत राहिला आहे, ज्याने संरक्षणाशी संबंधित क्षेत्रात काम केले आहे किंवा ज्याच्या अनुभवाच्या पत्राची कंपनीकडे खातरजमा करायची आहे, त्याने आपण त्या पाचव्यात असू शकतो हे गृहीत धरलेले बरे. नोकरीचा राजीनामा किंवा घराची विक्री या सहा महिन्यांच्या भरवशावर ठरवणे शहाणपणाचे नाही.

माझी मुख्य तक्रार यापेक्षा वेगळी आहे. पूर्ण हिरव्या खुणांचा तक्ता पाहणाऱ्याचा असा समज होतो की चेंडू आता पलीकडच्या कोर्टात गेला आणि आपले काम संपले. प्रत्यक्षात अर्ज पाठवल्यानंतरही परिस्थितीतील प्रत्येक महत्त्वाचा बदल कळवण्याची जबाबदारी अर्जदाराचीच राहते. नोकरी बदलली, पत्ता बदलला, नवा पासपोर्ट निघाला, लग्न झाले, घटस्फोट झाला, बाळ झाले, तर वेबफॉर्मद्वारे पुराव्यासह कळवावे लागते. ज्या गटांना कॅनडात स्थिरावण्यापुरत्या निधीचा पुरावा लागतो त्यांच्या खात्यात ती रक्कम निर्णयापर्यंत राहिली पाहिजे; अर्ज गेला म्हणून एफडी मोडून गाडी घेतली, असे चालत नाही.

यातील लग्न आणि मूल हे दोन विषय सर्वांत गंभीर आहेत. आपल्याकडे पीआरची फाइल चालू असतानाच घरचे स्थळे पाहू लागतात आणि ‘आधी तू एकटा जा, मग तिला बोलावून घे’ असा सोयीचा तोडगा निघतो. कॅनडात उतरून, पीआर होऊन मग लग्न केले आणि नंतर जोडीदारासाठी स्पॉन्सरशिपचा अर्ज केला, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु उतरण्याआधी लग्न झाले आणि ते कळवले नाही, तर नियमावलीच्या ११७ (९) (ड) या तरतुदीनुसार, ज्या कुटुंबीयाची तेव्हा तपासणीच झाली नाही त्याला पुढे कुटुंब गटातून बोलावण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे बंद होतो. सोबत न येणाऱ्या जोडीदाराचे आणि मुलाचेही नाव द्यावे लागते, ते याचसाठी. शिवाय माहिती दडवल्याचा ठपका बसला तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. इतकी दूरगामी गोष्ट संकेतस्थळावरील मदतपानांत आहे, पण जो तक्ता अर्जदार दिवसातून चार वेळा उघडतो त्यावर ठळक अक्षरांत नाही. ‘या काळात तुमच्या घरी काही बदल झाला का?’ एवढी एक ओळ तिथे असती तर कितीतरी संसारांची ताटातूट टळली असती.

वेबफॉर्मचे स्वरूप पत्रपेटीसारखे आहे. विषय निवडायचा, मजकूर लिहायचा, फाइल जोडायची आणि पाठवायचे. यंत्राची पोच येते, संभाषण होत नाही. विभागाचा दूरध्वनी कॅनडातूनच लागतो, त्यामुळे भारतातल्या अर्जदाराला तो पर्याय नाही. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक मजकुराची प्रत आणि पोच एका फोल्डरमध्ये तारखेनुसार जपून ठेवावी. पुढे कधी खुलासा मागणारे पत्र, ज्याला अर्जदार पीएफएल म्हणतात, आले तर हाच फोल्डर कामाला येतो. त्या पत्राला घाबरून जाण्याचे कारण नाही. नकार देण्याआधी तुमची बाजू ऐकण्याची ती संधी असते. मात्र पत्रात दिलेल्या मुदतीत, मुद्द्याला धरून आणि पुराव्यासह उत्तर गेलेच पाहिजे. तिथे भावनिक निबंध लिहून उपयोग नाही.

या संपूर्ण व्यवस्थेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिच्या दर्शनी भागात नाहीच. अधिकाऱ्यांनी आपल्या फाइलवर केलेल्या नोंदी, म्हणजेच जीसीएमएस नोट्स, आपल्याला मागता येतात. माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली कॅनडात असलेल्या व्यक्तीमार्फत ५ डॉलर भरून त्या मिळतात. शिवाय १४ जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेरील परदेशी व्यक्तीलाही प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःची माहिती विनाशुल्क मागण्याचा हक्क आहे. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस ठरवले आहेत, आणि ते वाढवून घेण्याची सोयही आहे. हाती येते ती संक्षिप्त रूपांनी भरलेली, मधे मधे काळी पट्टी मारलेली पीडीएफ. पण पात्रता कधी मान्य झाली, मेडिकलचा निकाल नोंदला गेला का, सुरक्षा तपासणी कोणत्या अवस्थेत होती, हे तीत बऱ्याच अंशी सापडते. एका सल्लागार संस्थेने या नोंदी ‘विशेष संपर्कातून’ मिळवून देण्यासाठी मला भरभक्कम रक्कम सांगितली होती. वर दरमहा ‘फॉलो-अप शुल्क’ वेगळे, ज्यात माझेच खाते उघडून पाहण्यापलीकडे काही नव्हते. फाइल आत गेल्यावर ती पुढे सरकवणारा कोणताही खास दरवाजा सल्लागाराकडे नसतो. सल्लागार नेमायचाच असेल तर तो सल्लागारांचे नियमन करणाऱ्या कॅनडातील ‘कॉलेज’ या संस्थेच्या नोंदवहीत आहे का, हे पाहावे, आणि त्याने स्वतःच्या खात्यातून अर्ज भरला असेल तर आपल्या खात्याला तो जोडून घेऊन स्टेटस स्वतः पाहावे.

निर्णयानंतरची कामे झपाट्याने होतात. भारतातील अर्जदाराला पासपोर्ट मागणारे पत्र, म्हणजे पीपीआर, येते; पासपोर्ट केंद्रात जमा केला की व्हिसा आणि सीओपीआर परत मिळते. कॅनडातच असलेल्या अर्जदाराला पीआर कन्फर्मेशन पोर्टलचा दुवा येतो, तिथे तो देशात असल्याचे जाहीर करून छायाचित्र चढवतो आणि त्याला इलेक्ट्रॉनिक सीओपीआर मिळते. सीओपीआरची मुदत वाढवून मिळत नाही, हे तिकीट काढताना विसरू नये. विमानतळावर सीमा अधिकारी पुन्हा विचारतो की वैवाहिक स्थितीत किंवा मुलांच्या संख्येत काही बदल झाला आहे का. वर लिहिलेला तो सगळा विषय तिथे एका प्रश्नावर येऊन ठेपतो आणि त्याचे खरे उत्तर देण्याची ती शेवटची वेळ असते.

पीआर कार्ड टपालाने येते आणि ते फक्त कॅनडातील पत्त्यावर. उतरल्यापासून १८० दिवसांत पत्ता कळवला नाही, तर कार्डासाठी नव्याने अर्ज करून ५० डॉलर भरावे लागतात. ‘लँडिंग’ करून लगेच परतणाऱ्यांनी म्हणून विश्वासातल्या नातेवाइकाचा पत्ता विचारून ठेवावा, आणि कार्ड हाती नसताना पुन्हा कॅनडात जाताना विमान कंपनीला दाखवण्यासाठी वेगळे प्रवासपत्र काढावे लागते, तेही ध्यानात घ्यावे. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याची अट उतरल्याच्या दिवसापासून लागू होते, कार्ड आल्याच्या दिवसापासून नव्हे.