केमोच्या खुर्चीत: श्वासावर लक्ष की बॉडी स्कॅन?
जत-आटपाडीहून एसटीने मिरजेला केमोसाठी येणाऱ्याला ध्यानाच्या या दोन प्रकारांपैकी श्वासाचा सरावच सोयीचा. सलाईनचा हात उशीवर सैल ठेवा, श्वास नाकपुडीशी जाणवू द्या, 1 ते 10 मोजा. चुकलात की पुन्हा 1. पाच-सात मिनिटं पुरे. बिघडतं ते श्वास मुद्दाम ओढल्याने: गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. हा प्राणायाम नव्हे! धाप लागत असेल तर श्वासाचा नाद सोडा, तळहाताखालच्या चादरीचा स्पर्श न्याहाळा.

बॉडी स्कॅन म्हणजे पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणं. हा जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत सुरू केलेल्या, ध्यानाने ताण कमी करण्याच्या 8 आठवड्यांच्या कार्यक्रमातला. 20 ते 40 मिनिटं लागतात, म्हणून रात्री घरीच. केमोने पाय बधिर झाले असतील तर बोटांऐवजी पोटापासून सुरुवात करा. ऑपरेशनच्या जागेशी मन अडकून भीती वाढली, तर तो भाग वगळा.

आजार याने हटत नाही. औषधं चालूच ठेवायची.