घरच्या नॅसचा वर्षभराचा अनुभव: शेअर्ड फोल्डर ‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या दिवाळीआधी घेतलेलं दोन डिस्कचं नॅस (राउटरला जोडलेला, घरातल्या सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा डिस्कचा डबा) आता वर्षाचं होत आलंय. आत ४ टीबीच्या दोन डिस्क आहेत, एकीवरचं सगळं दुसरीवरही उतरतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळ्या घरगुती नॅसना लागू पडेल. जवळपास सगळ्यांच्या आत लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोज-मॅकला उघडून देणारा प्रोग्रॅम) हेच चालतं.

यंत्राबद्दल तक्रार नाही. हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलंय, आवाज जाणवत नाही. गिगाबिट केबलवर मोठी फाइल सेकंदाला १०० ते ११० एमबीच्या वेगाने जाते. तुमच्याकडे हा आकडा ११-१२ वर अडकत असेल तर नॅसवर संशय घेण्याआधी केबल बघा. भिंतीतून ओढलेल्या केबलच्या आठपैकी चारच तारा कधीकधी जोडलेल्या असतात, आणि मग जोडणी १०० एमबीपीएसच्या पुढे जातच नाही.

खरा वेळ गेला तो ‘फोल्डर दिसत नाही’ या एका वाक्यामागे. घरातलं प्रत्येक जण हेच सांगतं, पण कारण दर वेळी वेगळं निघतं. म्हणून आता मी एक क्रम ठरवून टाकलाय.

पहिली गोष्ट: फाइल एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’ या पानावर विसंबू नका. तिथे नॅसचं चिन्ह नाही म्हणजे नॅस बंद आहे असं अजिबात नाही. ही यादी पूर्वी एसएमबीच्या (नेटवर्कवरून फोल्डर उघडण्याची पद्धत) पहिल्या आवृत्तीच्या आधाराने बनायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस पसरलं ते याच आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलमधून ती आवृत्ती टप्प्याटप्प्याने काढली जाऊ लागली. आता नॅसनेच डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या पद्धतीने ‘मी इथे आहे’ असं कळवावं लागतं. नॅसच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद असेल, किंवा लॅपटॉपने घरचं वाय-फाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलं असेल, तर चिन्ह येत नाही. अशा वेळी अॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे नॅसचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), म्हणजे \\१९२.१६८.१.५० असं काहीतरी, टाकून एंटर मारा. उघडलं तर नॅस ठणठणीत आहे. त्याच फोल्डरला ड्राइव्ह म्हणून मॅप करा आणि ‘नेटवर्क’ पान विसरून जा. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के दाबून एसएमबीचा पत्ता देता येतो.

पत्त्यानेही उघडलं नाही तर पत्ता बदलला असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे लाइट गेली की राउटर आणि नॅस दोन्ही बंद पडायचे, आणि परत आल्यावर राउटर नॅसला भलताच आयपी द्यायचा. कधी राउटरला उठायला वेळ लागला तर नॅस स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसायचं, मग घरातल्या कुणालाच ते सापडत नसे. यावर उपाय एकच आणि कायमचा: राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन (ठरावीक यंत्रासाठी ठरावीक आयपी राखून ठेवणं) करून नॅसच्या मॅक अॅड्रेसला (नेटवर्क कार्डाचा क्रमांक, अॅपलच्या मॅकशी संबंध नाही) एक आयपी बांधून टाका. सोबत राउटर आणि नॅस एकाच यूपीएसवर घ्या, आणि यूपीएसची यूएसबी केबल नॅसला लावा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःहून नीट बंद होतं. हे केल्यापासून निम्म्याहून जास्त तक्रारी थांबल्या.

पत्ता बरोबर असूनही ‘८००७००३५’ ने संपणारा एरर येत असेल तर पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड द्यायची खिडकी) नॅसचा ४४५ पोर्ट, म्हणजे एसएमबीचं दार, लागतोय का ते तपासा. बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर हाच प्रकार होता. ऑफिसचं व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग) चालू असलं की सगळा ट्रॅफिक तिकडे वळतो आणि घरातलं काहीच दिसत नाही. तिथे आपल्या हातात काही नाही, व्हीपीएन बंद केल्यावरच फोल्डर उघडायचा. फोन किंवा टॅब राउटरच्या गेस्ट वाय-फायवर असेल तरीही असंच होतं.

आता सगळ्यात त्रासाचा भाग, लॉगिनचा. बाबांच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो आहे, २४एच२ आवृत्ती. त्यावर पासवर्डशिवायचा फोल्डर उघडायला गेलं की ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ गेस्ट प्रवेश अडवला आहे, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश यायचा. बाबा गोंधळून गेले, निवृत्त माणसाची संस्था कुठली! संस्थेचा इथे काही संबंध नाही. या आवृत्तीपासून प्रोमध्ये गेस्ट प्रवेश मुळातच बंद असतो. इंटरनेटवर यासाठी रजिस्ट्री बदला, एसएमबी १ परत चालू करा असे सल्ले सर्रास मिळतात. कृपा करून ते करू नका. नॅसवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

खातं काढल्यावर पुढचा घोळ असा, की माणसं लॅपटॉपचा पिन टाकतात. तो पिन त्या लॅपटॉपपुरता असतो, नॅसला नॅसचंच नाव आणि पासवर्ड लागतो. आणि तो अचूक टाकूनही एरर १२१९ आला, तर समजा की विंडोजने आधीच वेगळ्या नावाने त्याच नॅसशी जोडणी धरून ठेवली आहे. एका सर्व्हरशी एका वेळी दोन नावांनी बोलायला ते तयार नसतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोजने साठवलेल्या पासवर्डांची यादी) जुनी नोंद काढा, ‘नेट यूज’ कमांडने जुन्या जोडण्या तोडा, नाहीतर सरळ साइन आउट करून परत या.

एक त्रास मात्र खास आपल्या भाषेतला. ‘दौऱ्याचे फोटो’ नावाचे दोन फोल्डर एकाच ठिकाणी दिसायला लागले, नावात काडीचाही फरक नाही, आणि फोटो दोन्हींत विभागलेले. कारण निघालं ‘ऱ’ हे अक्षर. युनिकोडमध्ये ते एक अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असंही. जुन्या मॅकची फाइल सिस्टिम दुसऱ्या पद्धतीने नाव साठवते. तिथून आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रॅमने आलेला फोल्डर आणि विंडोजवरून केलेला फोल्डर लिनक्सच्या लेखी वेगवेगळे. सगळे फोटो एकात हलवून दुसरा काढून टाकला. मराठीत नावं द्यायचं सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही, फक्त नवे फोल्डर आता एकाच मशीनवरून करतो.

जुन्या टीव्हीला फोल्डर उघडायला एसएमबी १ च लागतं, म्हणून त्याच्यासाठी नॅसवर डीएलएनए (टीव्हीला सिनेमे, फोटो पुरवणारी वेगळी सोय) चालू केलं. सिनेमे व्यवस्थित लागतात. डिस्क झोपलेल्या असतील तर पहिल्यांदा फोल्डर उघडताना काही सेकंद खिडकी अडकल्यासारखी वाटते. ते बिघाड नाही, थांबायचं.

नाशिकच्या भावालाही हे फोटो हवे आहेत. त्यासाठी राउटरवर ४४५ पोर्ट बाहेर उघडणं मला कदापि मान्य नाही. शिवाय आमच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र सार्वजनिक आयपीच नाही, त्यामुळे डीडीएनएसही (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सोय) चालत नाही. असा मधला अडथळा ओलांडू शकणारं व्हीपीएन नॅसवर बसवायला घेतलंय, त्याचा अनुभव काही महिने वापरून झाल्यावरच लिहीन.