चार दिवस, एक श्वास : मुंबईतील फ्रीडायव्हिंगच्या एका प्राथमिक वर्गाविषयी

गेल्या डिसेंबरात मी मुंबईत फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी न घेता एका श्वासावर पाण्याखाली जाण्याचा, चार दिवसांचा प्राथमिक वर्ग केला. पहिले दोन दिवस उपनगरातल्या एका तरण तलावात आणि पुढच्या आठवड्यात दोन दिवस मालवणच्या समुद्रात, अशी त्याची आखणी होती. शुल्क 22,000 रुपये होते. त्यात साहित्याचे भाडे धरलेले होते, मालवणचा प्रवास आणि राहण्याचा खर्च वेगळा. माझ्या काही तक्रारी आहेत. त्या मी प्रशिक्षकांना समक्ष सांगितल्या, त्यांनी पुढच्या तुकडीपासून बदल करण्याचे मान्य केले, म्हणून संस्थेचे नाव इथे घेत नाही. पण असा वर्ग निवडताना काय पाहावे, हे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण या खेळात वर्गाची निवड चुकली तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

मी वीस वर्षे नियमित पोहते, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. उलट आपल्याला अर्धे येतेच, असा एक समज मनात होता आणि तो पहिल्याच सकाळी उतरला. सरांनी विचारले, श्वास रोखल्यावर जीव घाबरा होतो तो कशामुळे? आम्ही सहाही जणांनी प्राणवायू संपत आल्यामुळे, असे उत्तर दिले. ते चूक होते. श्वास घेण्याची तगमग मुख्यतः रक्तात साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. प्राणवायू खूप खाली जाईपर्यंत शरीर तशी ठळक सूचना देतच नाही. या एका गोष्टीवर सगळी सुरक्षितता उभी आहे. बुडी मारण्याआधी भराभर, खोल श्वास घेतले तर रक्तातला प्राणवायू जवळपास वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. मग तगमग उशिरा सुरू होते, आपल्याला छान वाटत राहते आणि त्या छान वाटण्यातच शुद्ध हरपते.

आमच्या तुकडीत तिघेजण रोज प्राणायाम करणारे होते आणि त्यातल्या एका काकांनी पाण्यात उतरण्याआधी सवयीने कपालभाती सुरू केली. सरांनी त्यांना तिथल्या तिथे थांबवले, पाण्यातून बाहेर बसवले आणि पंधरा मिनिटांनीच पुन्हा उतरू दिले. आपल्याकडे कुंभकाची परंपरा असल्यामुळे अनेकांना हा खेळ घरचाच वाटतो. शांत बसण्याची आणि पोटाने श्वास घेण्याची सवय उपयोगी पडते, यात शंका नाही. पण कपालभाती किंवा भस्त्रिका केल्यानंतर लगेच पाण्याखाली जाणे धोक्याचे आहे. बुडी मारण्यापूर्वी दोनेक मिनिटे झोपेत घेतो तसा संथ श्वास घ्यायचा, शेवटी एकदाच छाती-पोट भरून घ्यायचे आणि निघायचे, एवढीच तयारी आम्हाला शिकवली.

त्यानंतर उथळ भागात, कमरेएवढ्या पाण्यात, पालथे तरंगून श्वास रोखण्याचा सराव झाला. पहिल्या खेपेस मी 48 सेकंदांत डोके वर काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 1 मिनिट 52 सेकंद झाली. मधल्या काळात फुप्फुसांत काहीच बदल झाला नव्हता. पोटाला बसणारे हिसके म्हणजे धोका नव्हे, श्वास ओढणारा छाती-पोटामधला पडदा आपले काम करू पाहतो आहे, एवढे कळले आणि खांदे, जबडा, हाताची बोटे सैल सोडता आली. पाडी (PADI) या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या प्राथमिक प्रमाणपत्रासाठी दीड मिनिट स्थिर श्वासरोध, तलावात 25 मीटर आडवे अंतर आणि समुद्रात किमान 10 मीटर खोली लागते. रोज पोहणाऱ्या निरोगी माणसाला हे आकडे फार अवघड नाहीत.

या वर्गाची खरी जमेची बाजू आकड्यांत नव्हती, ती जोडीदाराच्या सरावात होती. माझा जोडीदार वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, माझ्याहून खूप लहान, मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणणारा मुलगा होता. एकाने खाली जायचे, दुसऱ्याने वर राहून फक्त पाहायचे. आणि पहिला वर आल्यावरही तीस सेकंद नजर काढायची नाही, कारण शुद्ध हरपण्याचे प्रकार बहुतेक वेळा तळाशी होत नाहीत, ते वर येताना शेवटच्या काही मीटरांत किंवा डोके पाण्याबाहेर आल्यानंतर होतात. ओठांचा रंग, नजरेची स्थिरता, मानेची किंवा हातांची थरथर, हे सगळे त्या अर्ध्या मिनिटात वाचायचे. वर आल्यावर जोराने श्वास सोडून द्यायचा नाही. आधी आत ओढायचा, थोडासाच सोडायचा आणि पुन्हा आत ओढायचा, असे निदान तीनदा करून मगच बोलायचे.

सुटकेचा सराव आम्ही प्रत्येकी दहा-बारा वेळा केला. मी तळाशी निपचित पडायचे. त्याने खाली येऊन एक हात हनुवटीखाली आणि दुसरा डोक्यामागे धरून, माझे तोंड बंद ठेवत मला वर न्यायचे, चेहरा पाण्याबाहेर धरायचा, मास्क काढायचा आणि मग डोळ्यांखाली फुंकर, गालावर थाप आणि नावाने हाक, श्वास घे म्हणून स्पष्ट आवाजात सांगायचे. सर त्याला नुसते 'फुंकर, थाप, हाक' म्हणत. पहिल्या वेळी त्या मुलाने संकोचाने माझा मास्क हळूच सरकवला आणि गालाला जेमतेम बोट लावले. सरांनी सराव थांबवून सांगितले की इथे मान राखायचा नाही, गालावर नीट थाप मारायची. सातव्या-आठव्या खेपेपर्यंत त्याचा हात ठाम झाला होता. मधल्या विश्रांतीत तो म्हणाला, "ताई, आमच्या बोटीवरनं कुणी पाण्यात पडला तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, बाबांनी शिकवलंय. तो दुसरं कायपण करत नाय." मला वाटते, वर्गात सांगितलेल्या सर्व गोष्टींत ही सर्वांत नेमकी होती.

आता कानांविषयी, कारण बहुतेक नवशिके इथेच अडतात आणि या वर्गाने इथेच सर्वांत कमी वेळ दिला. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, 10 मीटरवर दोन, 20 मीटरवर तीन. बॉइलने 1662 मध्ये मांडलेल्या नियमानुसार हवेचे आकारमान पहिल्या दहा मीटरांतच निम्मे होते, तर पुढच्या दहा मीटरांत ते निम्म्यावरून एक-तृतीयांशावर येते. म्हणजे कानाच्या पडद्याला सर्वांत मोठा बदल अगदी सुरुवातीला सोसावा लागतो. विमानात कानाला दडे बसल्यावर आपण नाक चिमटीत धरून जोर लावतो, ती पद्धत डोके खाली असताना लवकरच थिटी पडते, कारण तिच्यात छातीतून हवा ढकलावी लागते. त्याऐवजी फ्रेंझेल पद्धत शिकायची: घसा बंद करून, तोंडातली हवा जिभेने दट्ट्यासारखी मागे दाबून कानांकडे पाठवायची.

हे इंग्रजी-हिंदी मिश्र भाषेत ऐकताना माझ्या काही केल्या लक्षात येईना. रात्री घरी आरशासमोर बसले तेव्हा आपली वर्णमाला आठवली. नाक चिमटीत धरायचे, जड पिंप उचलताना जसा घसा आवळला जातो तसा तो आवळायचा आणि 'त' उच्चारण्यासाठी जीभ वरच्या दातांमागे टेकवून तिथेच दाबायची. मग 'क'साठी जिभेचा मागचा भाग उचलायचा. दंत्यापासून कंठ्यापर्यंत जीभ जशी मागे सरकते तशी हवा मागे ढकलली जाते. नाकपुड्या बोटांखाली किंचित फुगल्या आणि दोन्ही कानांत बारीक टक असा आवाज आला, की जमले. छाती आणि पोट या वेळी हलता कामा नये. पोटावर हात ठेवला की ते कळते. हा सराव कोरड्यात, दिवसातून शंभर वेळा करता येतो, आणि तो वर्गाच्या निदान एक आठवडा आधी घरी करायला सांगायला हवा होता. आमच्या सहापैकी दोघांचे कान तलावाच्या साडेतीन मीटर तळालाही उघडले नाहीत आणि त्यांच्यासाठी मालवणचे दोन दिवस जवळजवळ वाया गेले. ही माझी पहिली तक्रार.

दुसरी अधिक गंभीर आहे. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांविषयीचा आरोग्यविषयक अर्ज आम्हाला पहिल्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर, ओल्या बाकावर, पाच मिनिटांत भरून द्यायला सांगितला. तो नावनोंदणीच्या वेळीच पाठवायला हवा, म्हणजे शंका असल्यास माणूस डॉक्टरांना दाखवून येऊ शकतो. तलावाच्या शेजारच्या पट्ट्यात लहान मुलांचा वर्ग सुरू होता, शिट्ट्या आणि आरडाओरड चालू होती. शांतता ज्या खेळाचा पाया आहे त्यासाठी पहाटेची वेळ घ्यायला हवी होती.

साहित्याबाबत वर्ग प्रामाणिक होता, कारण त्यांनी आम्हाला काहीही विकले नाही. पोहण्याचा चष्मा इथे चालत नाही. नाक आत घेणारा मास्कच लागतो, कारण खाली गेल्यावर मास्कमध्ये नाकातून थोडी हवा सोडली नाही तर तो डोळ्यांवर आवळतो. म्हणून आत कमी पोकळी असलेला मास्क घ्यावा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हवा ओढावी. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मी क्रेसीचा नॅनो घेतला आहे आणि समाधानी आहे. नव्या काचेवरचा थर टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही तर ती सारखी धुकटते. सगळा चेहरा झाकणारे, सुटीत मिरवायचे मास्क पृष्ठभागावर मासे पाहण्यापुरते ठीक आहेत. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणून बुडीसाठी ते निरुपयोगी आणि घातक ठरतात. स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, साधा वाकवलेला असावा आणि खाली जाताना तोंडातून काढावा.

लांब फिन्स, म्हणजे पायांत घालायची पाती, पहिल्या वर्षी प्लास्टिकच्याच घ्याव्यात. कार्बनच्या पात्यांची किंमत कितीतरी पट आणि खडकावर आपटल्या तर जपणे कठीण. पाय कमरेतून हलवायचा, गुडघ्यातून सायकल मारायची नाही, हे पात्याच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचे. भाड्याच्या फिन्समध्ये माझ्या मापाची जोडी नव्हती आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोलून निघाल्या. निओप्रीनचे मोजे सोबत न्यावेत. खाली जाणे सोपे व्हावे म्हणून कमरेला बांधायचा वजनाचा पट्टा रबरी हवा, कारण खोलीवर शरीर आणि अंगातला वेटसूट दबल्यावर नायलॉनचा पट्टा सैल पडून छातीकडे सरकतो. आणि त्याचे बक्कल एका हाताने, एका झटक्यात सुटलेच पाहिजे. खाऱ्या पाण्याची घनता सुमारे अडीच टक्के जास्त असते, त्यामुळे तलावातले वजन समुद्रात पुरत नाही. माझ्या 58 किलोंना दीड किलो वाढवावे लागले. तरीही 10 मीटरपेक्षा उथळ पाण्यात शरीर तरंगू पाहील इतकेच वजन बांधायचे, म्हणजे वर येताना काही झालेच तर पाणी आपल्याला वर ढकलते.

मालवणला तराफ्यापासून सोडलेल्या दोरावर सराव झाला. मुंबईच्या किनाऱ्यावर हे का करत नाहीत, असे मला कुणीतरी विचारले होते. खाड्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीची ओढ यांमुळे इथे आपलाच हात नीट दिसत नाही, मग जोडीदार कुठून दिसणार? पहिल्या दिवशी मी सहा मीटरवर कान अडल्यामुळे परत फिरले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खेपेस 10 मीटरच्या खुणेला हात लावला. आमच्यातल्या एकाला सर्दी होती आणि त्याने नाकात थेंब घालून उतरण्याची परवानगी मागितली. सरांनी ती दिली नाही. औषधाचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना कानातली हवा अडकते, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावले. दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट विश्रांती, हा नियमही त्यांनी घड्याळ लावून पाळायला लावला.

शेवटच्या दुपारी भाल्याने मासे मारण्याची ओळख होती आणि ती फक्त किनाऱ्यावर, भाला फेकणाऱ्या बंदुकीचे रबर न ताणता दिली गेली. काहींना ती अपुरी वाटली. मला ती योग्य वाटली. रबरी पट्ट्यांची बंदूक पाण्यातच ताणायची, पाण्याबाहेर येण्याआधी उतरवायची, सुरक्षेच्या खटक्यावर विश्वास न ठेवता ती नेहमी भरलेलीच समजायची, मासा आणि त्याच्या मागचे पाणी दोन्ही स्पष्ट दिसल्याखेरीज चापावर बोट ठेवायचे नाही, वर झेंड्याचा तराफा ठेवायचा. ज्याचे अर्धे लक्ष अजून स्वतःच्या कानांत आहे त्याच्या हातात पोलादी भाला देणे जोडीदारासाठी धोक्याचे. शिवाय मासा ओळखता यायला हवा. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे; समुद्रघोडे आणि महाकाय हेकरू (ग्रूपर मासा) यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. अनेक जातींचे हेकरू आधी मादी असतात आणि वाढल्यावर नर होतात, त्यामुळे सर्वांत मोठा मासा टिपण्याची हौस त्या खडकावरचे नरच संपवू शकते. माझ्या जोडीदाराने याला दुजोरा दिला; त्याच्या घरी जाळ्यात आलेला मोठा हेकरू पूर्वीइतका दिसत नाही.

पोहता येणाऱ्या, कान निरोगी असलेल्या आणि आठवडाभर आधी घरी सराव करायची तयारी असलेल्या माणसाला हा वर्ग मी जरूर सुचवेन. नाव नोंदवताना एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतील, सुटकेचा सराव प्रत्येकाकडून किती वेळा करून घेतला जाईल आणि कान न उघडल्यास पुढच्या तुकडीत पुन्हा येता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे. आमच्या त्या दोघांना, मी मागे लागल्यावर, फेब्रुवारीच्या तुकडीत विनाशुल्क घेतले. बंदूक मी घेतलेली नाही. त्या पैशांत माझ्या मापाच्या फिन्स आल्या. आता महिन्यातून दोन रविवारी मी आणि तो वर्सोव्याचा मुलगा तलावरक्षकाला आधी सांगून सराव करतो, एकजण पाण्यात आणि दुसरा काठाला हात धरून, खाली पाहत.