कॅमारो झेड/२८ की चार्जर आर/टी? १९६९च्या दोन गाड्या

दोन्ही गाड्या १९६९च्या अमेरिकन, झेड/२८ आणि आर/टी या त्यांच्या वेगवान आवृत्त्या. दोन्ही नव्यासारख्या केलेल्या, आणि दोन्हींचे विकणारे 'नंबर मॅचिंग' म्हणणार, म्हणजे इंजिन आणि बॉडीवरचे आकडे मूळचे आणि एकमेकांशी जुळणारे. रंग आणि क्रोम पैसे टाकून केव्हाही नवं करता येतं. कारखान्यात ठोकलेला आकडा मात्र गेला की गेला. इथेच या दोघींत मोठा फरक पडतो.

डॉज चार्जरचा व्हीआयएन (कारखान्याने गाडीला दिलेला ओळख क्रमांक) स्वतःच बोलतो. 'एक्सएस२९एल' म्हणजे आर/टी, ४४० मॅग्नम इंजिन (४४० घन इंचांचं), ३७५ अश्वशक्ती. 'एल'च्या जागी 'जे' असेल तर ४२६ हेमी इंजिन. 'एक्सपी२९' असेल तर ती साधी चार्जर, वर बिल्ले कितीही चिकटवलेले असोत. याच क्रमांकाचा शेवटचा भाग रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर आणि डिकीच्या रबराखालच्या पन्हाळीत असतो. रबर उचलून बघा.

शेव्हरले कॅमारोच्या व्हीआयएनमधला '१२४३७' एवढंच सांगतो की ही व्ही-८ कूपे आहे. झेड/२८ची त्यात खूण नाही. डिसेंबर १९६८पासून नॉर्वुडच्या कारखान्यात बनलेल्या झेड/२८ गाड्यांच्या (व्हीआयएनमध्ये 'एन') फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि आतल्या बैठकीमधल्या पत्र्यावरच्या, टॅगवर एक्स३३ किंवा एक्स७७ सापडतं. व्हॅन नाइसच्या कारखान्यातल्या ('एल') गाड्यांना तेही नाही. मग उरतो झेड/२८च्या इंजिनाचा 'डीझेड' शिक्का, ब्लॉकवर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात. भिंग लावा: शिक्क्याखाली कटरच्या बारीक समांतर रेघा हव्यात. जागा गुळगुळीत असेल तर ब्लॉक घासलाय आणि शिक्का नंतरचा असू शकतो. ब्लॉक ओतल्याची तारीखही बॉडीच्या तारखेआधीची हवी. टॅगवर '०४बी' म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. त्या वर्षी २०,३०२ झेड/२८ निघाल्या. विकायला येणाऱ्या सगळ्या त्यातल्याच, असं समजू नका.

गंज दोघींना लागतो, जागा वेगळ्या. चार्जरच्या मागच्या काचेच्या कोपऱ्यांत पाणी साचतं आणि डिकीचा तळ खातं. व्हायनिल छत असेल तर ते दिसतही नाही. खाली टॉर्शन बारचा आडवा पत्रा तपासा, पुढच्या सस्पेन्शनचा भार त्यावर येतो. कॅमारोत विंडशील्डखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओता. आतला गालिचा भिजला तर काऊल (जाळीखालचा पत्रा) सडलाय. कॅमारोची अख्खी बॉडी नवी मिळते, म्हणून हीटर बॉक्समागचा लपलेला क्रमांकही डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या.

चालवायला ४४० सोपं. झेड/२८चं ३०२ इंजिन ११:१ कॉम्प्रेशनचं, त्याला प्रीमियम पेट्रोल लागतं. टॅपेट सॉलिड (फट आपोआप न जुळवणारे) असल्याने मूळ कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) इंजिन गरम असताना व्हॉल्व्हमध्ये ०.०३० इंच फट ठेवावी लागते. दोन्ही इंजिनांना जस्त असलेलं ऑईल द्या, नाहीतर कॅमचे उंचवटे झिजतात. चार्जरचं दुखणं विजेचं: चार्जिंगचा प्रवाह डॅशबोर्डच्या अँमीटरमधून (प्रवाह मोजणाऱ्या काट्यातून) जातो आणि फायरवॉलचा कनेक्टर तापून वितळतो. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर वायरिंग बदलण्याचा खर्च किमतीतून कापून घ्या. हेडलाइटची झाकणं हळू उघडत असतील तर व्हॅक्यूमची नळी गळतेय. ते किरकोळ काम आहे.

किंमत सारखी आणि कागद नाहीत, तर चार्जर. झेड/२८चे पैसे मूळ विक्रीची पावती किंवा वॉरंटीची धातूची पट्टी हातात आल्यावरच मोजावेत, आणि पट्टीचीही नक्कल मिळते. दर रविवारी गाडी बाहेर काढायची असेल तर झेड/२८चा दावा नसलेली ३५० इंजिनाची कॅमारो बघा. सुटे भाग मुबलक, आणि खोटं ठरण्यासारखं त्यात फारसं काही नाही.