घरकामाच्या मावशींचा ‘मेडिक्लेम’ काढून देणाऱ्यापासून सावध

घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, वॉचमन यांचा मेडिक्लेम स्वस्तात काढून देतो असं सांगत नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागातल्या सोसायट्यांमध्ये एक माणूस फिरतोय. आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच घरांतून त्याने पैसे नेले. त्याने विकला तो विमाच नव्हता.

आमच्या मावशींचं वय पन्नाशीचं, बीपीची गोळी चालू. याचं बोलणं एकदम गोड. “मॅडम, मेडिकल नाही, वेटिंग नाही, बीपी-शुगर पहिल्या दिवसापासून कव्हर. नवरा-बायको दोघांचे मिळून वर्षाला फक्त ४,८०० रुपये. वर तुम्हाला इन्कम टॅक्समध्ये ८०डीची सूट.” कंपनीला थर्ड पार्टी पेमेंट, म्हणजे दुसऱ्याने भरलेले पैसे, चालत नाही, असं सांगून पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेतले. मग चकचकीत कार्ड आलं. मावशींचा फोटो, ढालीचं चित्र आणि ठळक अक्षरांत ‘कॅशलेस’. मावशींनी ते रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं.

पुढे पित्ताशयात खडे निघाले. मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये विम्याच्या काउंटरवर कार्ड दिलं, तर तिथल्या मुलीने ते उलटं करून माझ्यासमोर धरलं. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की हे विमा उत्पादन नाही. पॉलिसी नंबरच्या जागी मेंबरशिप नंबर होता. म्हणजे ठरावीक दवाखान्यांत बिलावर थोडी सवलत, तीही औषधं आणि तपासण्या सोडून. हे हॉस्पिटल तर त्या यादीतही नव्हतं. मावशी मला म्हणाल्या, “ताई, मग एवढे पैसे कशाचे घेतले त्याने?”

फोन केला तर साहेब म्हणतात, “मी विमा म्हणालोच नव्हतो, आरोग्य सुरक्षा म्हणालो होतो.” त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये ‘मेडिक्लेम’ लिहिलेलं आहे, हे बहुधा तो विसरला.

या लोकांनी गिऱ्हाईक बरोबर हेरलंय. पैसे भरणारी मी, पण दवाखान्यात जाणार मावशी. कार्ड त्यांच्या घरी, त्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, आणि मी ते पुन्हा हातात घेऊन बघायचं काही कारण नाही. स्वतःच्या पॉलिसीचा एकेक कागद तपासणारी माणसंसुद्धा इथे ‘चला, एक चांगलं काम झालं’ म्हणून मोकळी होतात.

वेटिंग नाही म्हणाला तिथेच खोट आहे. वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडला तर साधारण पहिले ३० दिवस क्लेम मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. २०२४ च्या आधी हीच मर्यादा ४८ महिन्यांची होती. ८०डीचंही तसंच. ती वजावट स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि आई-वडील यांच्या हप्त्यावर मिळते, कामाच्या बाईंच्या नाही. खऱ्या पॉलिसीवर विमा कंपनीचं नाव आणि त्या प्रॉडक्टचा यूआयएन नंबर छापलेला असतो. तो विमा नियामक आयआरडीएआयच्या वेबसाइटवर शोधता येतो. हप्ता कंपनीच्याच नावाने भरायचा, एजंटच्या खात्यात नाही. आणि प्रपोजल फॉर्मवर मोबाइल नंबर मावशींचा टाका. माझा नंबर होता म्हणून त्यांना कधी काही कळलंच नाही.

जास्त राग याचा येतो की मावशींकडे केशरी रेशनकार्ड आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांत मोफत होतात, आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती लागू आहे. खासगी पॉलिसी काढण्याआधी अशा हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, रेशनकार्ड दाखवून विचारा, त्याला एक पैसा लागत नाही. मावशींचं ऑपरेशन शेवटी सिव्हिलमध्ये झालं, आणि नीट झालं.

तक्रारीचं म्हणाल तर विमा लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, कारण इथे विमा कंपनीच नाही. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय आणि जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. यूपीआयने पैसे दिलेल्यांकडे निदान स्क्रीनशॉट आहेत. ज्यांनी रोख दिले त्यांच्याकडे पावतीही नाही, म्हणून त्यांनी त्याचे जुने मेसेज अजिबात डिलीट करू नयेत.