आठ महिने, अकरा पिकअप आणि आईच्या शिलाई मशीनची मोटर

दसऱ्याला आईनं शिलाई मशीनला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि चार दिवसांनी मी त्याच मशीनची मोटर काढून घेतली. तिनं शिवणं सोडून पाच वर्षं झाली होती, तरी बोलणी खाल्लीच. ती मोटर आता माझ्या टेबलावर इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप गुंडाळते. (पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारं, चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळलेलं कॉइल; तारांचा आवाज तेच पकडून अँपकडे पाठवतं.) दसऱ्यापासून जूनपर्यंत अकरा पिकअप झाले. तीन माझ्या गिटारमध्ये आहेत, दोन मित्राच्या, दोन तयार होऊन डब्यात पडलेत आणि चार मेले. हा सगळा अनुभव त्या अकरांचा, त्यातही जास्त करून मेलेल्या चारांचा.

आधी पैशाचं बोलून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात. माझी गिटार स्ट्रॅटची, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची, स्वस्तातली नक्कल. तिच्या पिकअपमध्ये साध्या लोखंडी खिळ्यांखाली एक सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली होती आणि आवाज पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा. चांगला परदेशी सेट घ्यायचा तर गिटारपेक्षा महाग पडत होता, म्हणून म्हटलं घरीच करू. आतापर्यंत तार, अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचे) चुंबक, फायबरच्या पट्ट्या, काउंटर, मेण, मीटर असं धरून सात हजारांच्या आसपास गेले. मेलेले पिकअप धरले तर मी काहीही वाचवलेलं नाही. पैसे वाचवायला कुणी यात पडत असेल तर पडू नये.

मशीन म्हणजे काय, तर कोपरीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक रिवाइंडिंगवाले काका आहेत. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. त्यांच्याकडे एक जुनं हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन धूळ खात होतं. हँडल एकदा फिरवलं की दांडा आठ वेळा फिरतो. एका पिकअपला लागणाऱ्या आठ हजार फेऱ्यांसाठी हँडल हजार वेळा फिरवायचं. पहिला पिकअप मी तसाच केला आणि दुसऱ्या दिवशी ऐरोलीला ऑफिसात माउस धरताना खांदा बोलत होता. म्हणून हँडलच्या जागी मोठी पुली बसवली, मोटरचा पट्टा तिच्यावर टाकला आणि पायाखाली शिलाईचं पेडल घेतलं. बॉबिन, म्हणजे ज्यावर तार गुंडाळायची तो साचा, दुतर्फा टेपनं चकतीवर चिकटतं. तार बॉबिनच्या बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना आईच्या विणकामाच्या सुया उभ्या केल्यात. (सुयांचं तिला अजून माहीत नाही.)

काकांना पहिल्यांदा समजावून सांगताना मजा झाली. त्यांनी बॉबिन हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "यात फिरतं काय?"

"फिरत काही नाही काका. तार हलते."

"गुंडाळलेली तार हलली तर वाइंडिंग जळेल रे."

"ही नाही हो, गिटारची तार."

मग कागदावर काढून दाखवलं. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार असते, ती थरथरली की चुंबकाचा प्रवाह बदलतो आणि सभोवतालच्या कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. काका लगेच म्हणाले, "म्हणजे डायनामो." बरोबरच आहे, तत्त्व एकच. फक्त हा डायनामो मिलिव्होल्टमध्ये बोलतो आणि त्याला केसाइतक्या बारीक तारेचे हजारो फेरे लागतात.

त्या तारेवरच पहिला पिकअप मेला. परदेशी माहितीत सगळीकडे ४२ गेज (तारेच्या जाडीचा नंबर) लिहिलेलं असतं. मी लोहार चाळीत जाऊन ४२ नंबरची तार मागितली, दुकानदारानं ४२ नंबरची दिली, दोघांची काही चूक नाही. घरी गुंडाळत बसलो तर तीन हजार फेऱ्यांतच बॉबिन भरलं. मीटर लावून रेझिस्टन्स मोजला. सहा किलोओहम यायला हवेत तिथे नऊशे चाळीस ओहम. मला वाटलं मीटरची बॅटरी गेली. बॉबिन घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी तार चिमटीत धरली, नखावरून ओढली आणि म्हणाले, "ही ४२ आहे बरोबर. तुला कुठली ४२ पाहिजे?"

अमेरिकन गेज वेगळं आणि आपल्या बाजारात चालतं ते ब्रिटिश एसडब्ल्यूजी वेगळं. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपली ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर, जवळजवळ दीडपट जाड. जाडी दीडपट म्हणजे जागा अडीचपट खाणार आणि मीटरमागे रेझिस्टन्सही तितकाच कमी. हवी होती ती आपल्याकडची सेहेचाळीस नंबरची, ०.०६१ मिलिमीटर. पंख्याला पस्तीस-छत्तीस लागते, म्हणून सेहेचाळीस दर दुकानात नसते. मागतानाच नंबराऐवजी मिलिमीटर सांगायचे, म्हणजे घोळ होत नाही. दुसरं म्हणजे पॉलियुरेथेनचं, थेट सोल्डर होणारं एनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा पातळ थर) मागून घ्यायचं. साध्या एनॅमलची टोकं पॉलिश पेपरनं खरवडावी लागतात, आणि ०.०६ ची तार खरवडायला गेलो की निम्म्या वेळा तीच जाते.

एका पिकअपमध्ये सुमारे अकराशे मीटर तार जाते. ठाणे स्टेशनवरून तलावपाळीला जाऊन परत यावं साधारण तेवढी. आणि वजन भरतं तीस ग्रॅम! अर्ध्या किलोच्या रिळात पंधरा-सोळा पिकअप सहज निघतात. रीळ फिरू द्यायचं नाही. जमिनीवर उभं ठेवायचं आणि तार वरच्या कडेवरून सुटू द्यायची, नाहीतर प्रत्येक थांब्याला रीळ स्वतःच्या वेगानं पुढं जातं आणि गुंता होतो.

ताण हा खरा विषय आहे. सत्तर-ऐंशी ग्रॅमचा ओढा बसला की ही तार तुटते, आणि ढिली राहिली तर कॉइल स्पंजासारखं दबतं. मी दोन बोटांत फेल्टचा तुकडा धरून त्यातून तार सोडतो. सुरुवातीला शिलाईच्या पेडलनं फार छळलं. साधं रेझिस्टन्सचं पेडल असेल तर मोटर आधी नुसती गुरगुरते आणि मग एकदम उडी मारते. त्या उडीत तार टाच्चकन तुटते. बाहेरच्या थरात तुटली तर जोडून सोल्डर करता येते. आतलं, अगदी सुरुवातीचं टोक तुटलं तर अख्खं कॉइल कापून टाकावं लागतं. दुसरा मेला तो असा, सहा हजार फेऱ्यांनंतर. पुढं इलेक्ट्रॉनिक पेडल घेतलं आणि तो त्रास संपला. या सगळ्या खर्चात पैसे वसूल झाले असं एकाच वस्तूबद्दल म्हणेन, ते हे पेडल.

आणि पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून वीस-पंचवीस मिनिटं खिडकीच्या उजेडात बसायचं, कारण वाऱ्यानं तार हेलकावते. पंख्याच्या मशीनवर काम करताना पंखाच लावता येत नाही, हे काकांना सांगितलं तर ते दिवसभर हसत होते.

आता काउंटर. सुरुवातीला स्वस्तातली युक्ती केली: कॅल्क्युलेटरच्या '=' बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच) जोडला, दांड्यावर छोटं चुंबक लावलं. एक अधिक एक दाबून ठेवलं की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकानं वाढतो. हळू फिरवताना उत्तम चालतं. मोटरवर सेकंदाला तेरा-चौदा फेरे व्हायला लागले की कॅल्क्युलेटर मधूनमधून एखादा गिळतो. मला पत्ता नाही. पडद्यावर आठ हजार झाले म्हणून थांबलो, तर तार बॉबिनच्या काठाला टेकलेली आणि मीटरवर ७.४ किलोओहम. उलटा हिशेब केला तर साडेनऊ हजारांच्या वर फेरे झाले होते.

तो पिकअप मी फेकला नाही. ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या तारा खाली जिथे टेकतात तिथे, तारेची थरथर कमी असते, म्हणून तिथला पिकअप नाहीतरी थोडा जास्त फेऱ्यांचा करतात. तो तिथेच बसवला. चकाकी गेली, पण आवाज भरला, आणि अँपचं गेन (आवाज फाटायला लावणारं बटण) थोडं वाढवलं की मधल्या पट्ट्यात एक घोगरेपणा येतो तो मला आवडतो. अजून तोच आहे.

नंतर लॅमिंग्टन रोडवरून इन्फ्रारेड सेन्सरचा डिजिटल काउंटर आणला. त्याचं उलटं: मोटरच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांनी तो आपला आपणच चाळीस-पन्नासनं पुढं उडी मारायचा. मोटरच्या टोकांवर एक्स-टू प्रकारचा (थेट मेन्सवर लावता येणारा) कपॅसिटर लावल्यावर शहाणा झाला. इथे एक सांगतो, मोटर थेट २३० व्होल्टवर चालते, तेव्हा लोखंडी मशीनला अर्थिंग केल्याशिवाय प्लग लावू नका.

काउंटर बरोबर झाल्यावर माझं सगळं लक्ष मीटरवर गेलं. ५.९ आला की खूश, ६.२ आला की नाराज. जानेवारीत सकाळी मोजलेला ५.९५ चा पिकअप मे महिन्यात दुपारी परत मोजला तर ६.२. शॉर्ट झाला असता तर आकडा कमी झाला असता, वाढला कसा? तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, इतकंच. दहा-अकरा अंशांचा फरक म्हणजे चार टक्के. शाळेत शिकलेलं, पण घामानं डोळे चुरचुरत असताना आठवत नाही. शिवाय त्याच फेऱ्यांना एक गेज बारीक तार घेतली की ओहम पाव पटीहून जास्त वाढतात, आवाज मात्र तेवढा वाढत नाही. त्यामुळे कुणी "किती के चा (किलोओहमचा) आहे?" विचारलं की मी आता फेरे आणि तारेची जाडी सांगतो, ओहम मागाहून.

तसंही ज्या जुन्या पिकअपना लोक डोक्यावर घेतात त्यांचे आकडे तरी कुठं सारखे आहेत? १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरचे सुरुवातीचे पिकअप कारखान्यातल्या बायका हातानं तार धरून गुंडाळत. गिब्सनच्या सेथ लव्हरनं हंबकरच्या (दोन कॉइल जोडून गुणगुण मारणाऱ्या पिकअपच्या) पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला, ते १९५९ मध्ये मिळालं. त्या मधल्या काळातल्या हंबकरमध्येही एकाचे फेरे दुसऱ्याशी जुळत नाहीत. हातानं तार वेडीवाकडी पडते, थर एकमेकांवर नीट बसत नाहीत, त्यामुळे कॉइलची आतली कपॅसिटन्स कमी राहते आणि वरचा आवाज मोकळा येतो असं म्हणतात. मी एक पिकअप अगदी सरळ ओळीत आणि एक मुद्दाम सैरभैर असे करून पाहिले. फरक आहे. पण पिकअप गिटारच्या तारांपासून दोन मिलिमीटर खाली घेतला की जितका फरक पडतो, त्यापेक्षा कमी आहे. स्क्रूड्रायव्हर फुकट असतो, आधी तो वापरावा.

तिसरा मेला तो आळसानं. चुंबकाच्या कांड्यांवर टेपचा एक थर न देता थेट तार गुंडाळली. एनॅमल कुठेतरी खरचटलं आणि कांडीला बोट लावलं की गुणगुण. चौथा मेणात गेला.

मेणात बुडवणं गरजेचं आहे, नाहीतर आवाज वाढवला की कॉइलच थरथरून शिट्टी मारतं. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, पासष्ट अंशांच्या आसपास, वीस मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत. मेण थेट गॅसवर कधीही ठेवायचं नाही. मी घरातला दुधाचा कुकर घेतला, दुहेरी भिंतीत पाणी असतं तो. कल्पना चांगली होती. फक्त त्याची शिट्टी होते तेव्हा पाणी उकळत असतं, आणि शंभर अंशांना हंबकरचं प्लास्टिकचं बॉबिन पापडासारखं वळतं. मी शिट्टीची वाट बघत बसलो होतो. आता थर्मामीटर टाकून ठेवतो आणि गॅस मिणमिणता. कुकर अर्थातच दुधातून कायमचा बाद झाला, आईला नवा आणून दिला.

आणि हम, म्हणजे विजेची गुणगुण. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) म्हटलं की तो आलाच, आपल्याकडे पन्नास हर्ट्झचा. आमचं घर रुळांपासून फार लांब नाही, तरी सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला बैठकीतला पंख्याचा जुना गोल फिरणारा रेग्युलेटर. मधल्या वेगावर ठेवला की अँपमध्ये भुंगा शिरतो. टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला, भुंगा गेला. मधला पिकअप उलट्या दिशेनं गुंडाळून त्याचं चुंबकही उलटं ठेवलं, त्यामुळे गिटारच्या स्विचच्या दोन आणि चार नंबरच्या जागांवर, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, हम जवळजवळ शून्य. चुंबकाची दिशा होकायंत्रानं तपासायची, अंदाजानं नाही. मी अंदाजानं केलं होतं. आवाज इतका पातळ आला की आधी वायरिंगवरच संशय घेतला.

वाइंडिंगचा वेळ धरला तर एका पिकअपला अर्धा तास. पण पट्ट्या ठोकणं, सोल्डरिंग, मेण, परत गिटार उघडणं हे धरलं तर एक रविवार जातो. ज्याला वाजवायला वेळ पुरत नाही त्यानं तयार सेट घ्यावा. मला दुरुस्तीच्या टेबलावर बसायलाच आवडतं असं या आठ महिन्यांत कळलं. वाजवणं मागे पडलंय, हे बायको सांगते तेव्हा नाकारता येत नाही.

पावसाळा सुरू झालाय. अल्निकोत लोखंड असतं, उघड्या कांड्यांवर तांबूस डाग दिसायला लागलेत, म्हणून उरलेल्या हवाबंद डब्यात टाकल्या. मित्राच्या बेसचा एक पिकअप करायचा आहे. त्यासाठी काकांनी त्यांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून सेहेचाळीस नंबरची नवीन रीळ मागवून दिली. डब्यावर त्यांनी मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: "पंख्याची नव्हे".